शब्दवेध : तोफेच्या आवाजाचे साधन आणि त्याचे वाचन

१

एम. ए.च्या वर्गात ‘साहित्य आणि इतिहास’ हा घटक शिकवताना मी एक ध्वनिफीत ऐकवतो. ती जेमतेम मिनिटभराची आहे. आरंभी तोफांचा गडगडाट ऐकू येतो, मग तो विरळ होतो, एखाददुसरा दणका उरतो, आणि नंतर शांतता पसरते. त्या शांततेत पक्षी किलबिलू लागतात. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता पहिले महायुद्ध थांबले, त्या क्षणाचा हा आवाज, अशी तिची ओळख करून दिली जाते. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने युद्धसमाप्तीच्या शताब्दीनिमित्त २०१८ साली ही फीत करवून घेतली आणि जगभर लक्षावधी लोकांनी ती ऐकली. वर्गातही परिणाम व्हायचा तोच होतो. फीत संपल्यावर कुणी पटकन बोलत नाही.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तेव्हा आवाज रेकॉर्ड करायला रणांगणावर माइक होते?” मी म्हटले, “होते.” ती म्हणाली, “मग त्या माइकला पक्षी ऐकू येत होते?”

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधताना मी ज्या वाटेने गेलो, तिचा हा वृत्तान्त आहे. मराठीच्या अध्यापकाने तोफांच्या ध्वनिमापनाविषयी लिहावे, याचे कुणाला नवल वाटेल. परंतु साधन म्हणजे काय, आख्यान म्हणजे काय, आणि साधनाचे आख्यान होताना नेमके कोणत्या ठिकाणी काय मिसळते, हा प्रश्न आपल्याच विषयाचा आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा पानिपतच्या काळातील अस्सल पत्रे समोर ठेवून बखरींची झडती घेतली होती. बखर ऐकायला गोड, पत्र वाचायला रुक्ष; पण साक्ष पत्राची. तीच झडती या ध्वनिफितीची घेता येते, कारण तिच्यामागचे ‘पत्र’ उपलब्ध आहे.

२

ते पत्र म्हणजे एक छायाचित्र. अमेरिकी युद्धखात्याने १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘अमेरिकाज म्युनिशन्स’ या अहवालात ते छापलेले आहे. मोझेल नदीजवळच्या अमेरिकी आघाडीवरच्या एका यंत्राची ती नोंद. तिच्यात सहा आडव्या रेषा आहेत. डाव्या बाजूच्या तुकड्यात त्या रेषा थरथरलेल्या, दातेरी, विस्कटलेल्या दिसतात. उजव्या तुकड्यात त्या जवळजवळ सरळ आहेत. डावा तुकडा अकराला एक मिनिट कमी असतानाचा, उजवा अकरा वाजून एक मिनिट झाल्यानंतरचा, असे खाली नमूद केलेले आहे. उजवीकडच्या एका रेषेत दोन छोटे झटके दिसतात. कुणी अमेरिकी शिपायाने आनंदाच्या भरात मायक्रोफोनजवळ दोनदा पिस्तूल झाडले असावे, असा तर्क त्या टिपणीतच केलेला आहे.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, हे ध्वनिमुद्रण नव्हे. या रेषा परत ‘वाजवता’ येत नाहीत. त्यांच्यात आवाजाचा पोत नाही, सूर नाही. आहे तो फक्त हवेच्या धक्क्याच्या आगमनाचा क्षण. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एक मिनिट आधी आणि एक मिनिट नंतर असे दोन तुकडे शेजारी लावलेले आहेत. म्हणजे ज्या क्षणासाठी हे चित्र प्रसिद्ध पावले, तो अकराचा क्षण चित्रात नाहीच. तो दोन तुकड्यांच्या सांध्यात आहे. ध्वनिफितीत मात्र गडगडाट आपल्या कानांदेखत मावळतो, सलगपणे. मूळ साधनात जिथे फट आहे, नेमक्या तिथेच आख्यानकाराने आपली कथा बसवलेली आहे.

आणि पक्षी? ते यंत्र पक्षी ऐकूच शकत नव्हते. ते मुद्दाम तसे घडवलेले होते. त्याची हकीगत सांगण्याजोगी आहे.

३

शत्रूची तोफ डोंगराआड, झाडीत, कित्येक किलोमीटर दूर लपलेली असते. ती दिसत नाही, पण तिचा आवाज लपवता येत नाही. आवाज हवेतून साधारणपणे सेकंदाला ३४० मीटर वेगाने जातो. समजा, काही किलोमीटर लांबीच्या ओळीत सहा ठिकाणी सहा ‘कान’ ठेवले. तर एकाच तोफेचा आवाज प्रत्येक कानावर थोड्याथोड्या फरकाने पोहोचेल. कोणत्याही दोन कानांमधला काळाचा फरक कळला की तोफ कोणत्या वक्रावर असली पाहिजे हे ठरते. गणितात या वक्राला अपास्त म्हणतात. कानांच्या अशा अनेक जोड्या घेतल्या की अनेक वक्र मिळतात, आणि ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे तोफ. प्रत्यक्ष नकाशावर हे काम ताणलेल्या दोऱ्यांनी केले जाई. या पद्धतीला साउंड रेंजिंग असे नाव पडले. आपल्याला तिच्यासाठी ‘ध्वनिवेध’ असा शब्द वापरता येईल.

तत्त्व इतके सोपे असूनही व्यवहार सोपा नव्हता. सेकंदाच्या शंभराव्या भागात आवाज साडेतीन मीटरच्या आसपास जातो. म्हणून काळ तितक्या बारकाईने मोजायला हवा. जर्मन सैन्याने बव्हंशी माणसांच्या कानांवर आणि हातातल्या थांबघड्याळांवर भिस्त ठेवली. आवाज ऐकणे आणि बोटाने कळ दाबणे यांच्यामध्ये प्रत्येक माणसाचा आपापला विलंब असतो आणि थकव्याने तो बदलत जातो. बर्लिनमध्ये या कामावर नेमलेल्या शास्त्रज्ञांत माक्स बोर्न होते. पुढे नाझी राजवटीने त्यांचे अध्यापनपद हिरावले आणि १९३५–३६ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या निमंत्रणावरून ते काही महिने बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन राहिले, एवढाच या हकिगतीचा आपल्या देशाशी थेट धागा आहे.

फ्रेंचांनी माणसाचा हात मधून काढून टाकला. शार्ल नोर्दमान हे पॅरिसच्या वेधशाळेतील खगोलशास्त्रज्ञ. त्यांना मोजणीसाठी यंत्र दिले ते ल्यूसियन बुल यांनी. बुल हे मूळचे डब्लिनचे, पॅरिसच्या मारे संस्थेत काम करणारे. एतियेन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने पक्ष्यांच्या पंखांची हालचाल आणि नाडीचे ठोके कागदावर व फिल्मवर उतरवण्यात हयात घालवली होती. बुल यांच्या यंत्रात वापरलेला तारेचा गॅल्व्हनोमीटर हा डच शरीरशास्त्रज्ञ आइंटहोव्हेन यांनी हृदयाचे विद्युत्स्पंदन टिपण्यासाठी सिद्ध केलेला. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणलेली अतिशय बारीक तार. तिच्यातून क्षीण प्रवाह गेला की ती किंचित सरते. तिची सावली सरकत्या फिल्मवर पडते आणि रेषा उमटते. आज रुग्णालयात हृदयाचा जो आलेख काढतात त्याचा हा पूर्वज. सहा मायक्रोफोनांना जोडलेल्या अशा सहा तारा, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या उभ्या खुणा पाडणारे एक दातेरी चाक. मोझेलच्या त्या सहा रेषांचे कूळ हे असे आहे. हृदय वाचण्यासाठी निघालेली तार तोफ वाचू लागली.

४

१९१५ साली ब्रिटिश सैन्याने हे तंत्र आपल्या आघाडीवर आणण्याचे काम एका पंचवीस वर्षांच्या तरुण तोफखाना-अधिकाऱ्याकडे सोपवले. त्याचे नाव विल्यम लॉरेन्स ब्रॅग. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट गॅलिपोलीच्या रणांगणात तोफगोळ्याने जखमी होऊन मरण पावला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांची रचना उलगडल्याबद्दल त्याला वडिलांबरोबर भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. तो तेव्हा बेल्जियममधल्या एका खेड्यात, तिथल्या पाद्र्याच्या घरी उतरला होता. पाद्र्याने तळघरातून वाइनची बाटली काढून ते साजरे केले. एका शरद ऋतूत हे दोन्ही निरोप ज्याला आले, तो माणूस दिवसभर तोफा ऐकत बसला होता.

आणि त्या तोफा त्याच्या यंत्राला ऐकू येत नव्हत्या. याचे कारण आवाजाच्या स्वरूपात होते. आपण ‘गोळीचा आवाज’ असे एकवचनी बोलतो. वस्तुतः ते निदान दोन आवाज असतात. गोळी किंवा गोळा ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल, तर त्याच्या टोकापासून शंकूच्या आकाराचा आघाततरंग निघतो. चाबकाच्या फटकाऱ्यासारखा, तीक्ष्ण, कर्कश. बंदुकीच्या नळीच्या तोंडातून निघालेला धडाका त्याच्या मागून येतो. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वचिंतक एर्न्स्ट माख यांच्या सूचनेवरून पीटर साल्शर यांनी १८८६ साली फ्यूमे येथे धावत्या गोळीभोवतीचा हा शंकू छायाचित्रात पकडला होता. खंदकातल्या साध्या शिपायालाही हे अनुभवाने ठाऊक होते : आधी कडाडणे, मग धाडकन आवाज, आणि शेवटी गोळा फुटल्याचा स्फोट.

अडचण अशी की यांतला कडाडण्याचा आवाज तोफेचा ठावठिकाणा सांगत नाही. तो गोळ्याच्या वाटेवरून उठतो. ठिकाण सांगतो तो नळीच्या तोंडचा धडाका. मोठ्या तोफेच्या बाबतीत तो इतका खोल, इतक्या कमी वारंवारतेचा असतो की त्याचा बराचसा भाग कानाला आवाज म्हणून जाणवतच नाही. ब्रॅग यांना मिळालेले कार्बनचे मायक्रोफोन नेमके कर्कश आवाजांना भुलत. गोळ्याचे कडाडणे, बंदुका, कुत्र्याचे भुंकणे, माणसांचे बोलणे, सारे काही ते टिपत. तोफेचा खोल हुंकार तेवढा निसटे. फिल्मवर गोंगाट उमटे आणि अर्थ हरवे.

यातून वाट निघाली ती दोन अगदी घरगुती निरीक्षणांतून. ब्रॅग ज्या घरात राहत, तिथल्या शौचकूपाला बाहेर उघडणारा एक नळ सोडला तर दुसरे भोक नव्हते. जवळची सहा इंची तोफ उडाली की बसलेल्या माणसाला खालून हलकेच उचलल्यासारखे होई. आवाज फारसा येत नसे, पण हवेचा रेटा येई. पुढे ब्रॅग यांनी हा प्रसंग निःसंकोचपणे सांगितला आहे. दुसरे निरीक्षण विल्यम टकर यांचे. हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजातले भौतिकशास्त्रज्ञ, सैन्यात साधे कॉर्पोरल. डांबरी कागदाच्या झोपडीत ते झोपत. भिंतीला बारीक भोके होती. तोफ उडाली की त्या भोकातून त्यांच्या चेहऱ्यावर गार हवेची झुळूक येई.

टकर यांनी पूर्वी तापलेल्या बारीक तारा वाऱ्याने कशा निवतात यावर काम केले होते. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात जुळल्या. एका पेटीला भोक पाडायचे, भोकावर विजेने तापवलेली प्लॅटिनमची बारीक तार ताणायची. तोफेचा रेटा आला की पेटीतली हवा भोकातून आतबाहेर करील, तार निवेल, तिचा विद्युतरोध बदलेल, आणि गॅल्व्हनोमीटरची तार हलेल. कर्कश आवाजाची जलद थरथर मात्र त्या तारेला निववायला पुरेशी नाही. तिच्यासाठी हे यंत्र बहिरे राहील. १९१६ च्या उन्हाळ्यात ही कल्पना आघाडीवर आजमावण्यात आली. फिल्मवरचा गोंगाट नाहीसा झाला आणि तोफेचा झटका स्वच्छ उमटला.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ते यंत्र यशस्वी झाले ते अधिक ऐकल्यामुळे नव्हे, काय ऐकायचे नाही हे ठरवल्यामुळे. पक्षी, माणसे, कुत्री, पाऊस, आक्रोश यांपैकी काहीही त्या रेषांत यावे अशी सोयच नव्हती. सरळ रेषा म्हणजे शांतता नव्हे. सरळ रेषा म्हणजे ‘या क्षणी तोफ नाही’, एवढेच. त्या रेषेखाली कुणी विव्हळत असेल तरी ती सरळच राहिली असती.

५

या यंत्राने काय साधले, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. वारा आणि तापमान यांच्या दुरुस्त्या करून, अनुकूल हवेत शत्रूची तोफ पन्नास यार्डांच्या आत हेरता येऊ लागली. धुक्यात विमाने आणि दुर्बिणी निरुपयोगी ठरत, तेव्हा ध्वनिवेध उत्तम चाले. मात्र पश्चिमेचा वारा त्याचा वैरी; शत्रूकडून येणारा आवाज तो वर उचलून नेई. २० नोव्हेंबर १९१७ रोजी कांब्रे येथे सुमारे एक हजार ब्रिटिश तोफांनी आधी चाचणीचे गोळे न टाकता एकदम मारा सुरू केला, कारण लक्ष्ये आधीच नकाशावर होती. ८ ऑगस्ट १९१८ च्या आमियेंच्या लढाईपूर्वी ५३० जर्मन तोफांपैकी ५०४ तोफांची ठिकाणे हेरलेली होती. त्यात ध्वनिवेधाबरोबर तोफेचा लखलखाट टिपणाऱ्या निरीक्षकांचा आणि हवाई छायाचित्रांचाही वाटा होता.

जर्मनांना हे कळून चुकले होते. ब्रिटिशांच्या हाती लागलेल्या एका जर्मन आदेशात म्हटले होते की, शत्रूचा ध्वनिवेध उत्कृष्ट असल्यामुळे सगळी आघाडी शांत असताना, विशेषतः पूर्वेचा वारा असताना, कोणत्याही तोफखान्याने एकट्याने मारा करू नये. दुसऱ्यांना बरोबर घेऊनच करावा. आवाज करायचा तर घोळक्यात करावा, म्हणजे कुणाचा कोणता ते ओळखू येणार नाही. साहित्याच्या वाचकाला या आदेशात काही ओळखीचे वाटेल. ऐकणारा आहे हे कळले की बोलणारा आपले बोलणे बदलतो.

म्हणजे फिल्मवरच्या प्रत्येक झटक्यामागे एक ठिकाण होते आणि त्या ठिकाणी माणसे होती. झटका वाचला गेला की काही वेळाने त्या माणसांवर गोळे पडत. मोझेलचे छायाचित्र आपण शांततेचे चित्र म्हणून पाहतो; त्याच्या जन्मदात्यांच्या लेखी तो लक्ष्यांचा तक्ता होता. आणि त्या सकाळची आणखी एक गोष्ट. तहावर सह्या पहाटे पाच वाजून गेल्यावर झाल्या, आणि अंमल अकराला ठरला. मधल्या तासांत युद्ध चालूच राहिले. त्या एका दिवसातले मृत, जखमी आणि बेपत्ता यांची संख्या अकरा हजारांच्या घरात असावी, असा अंदाज इतिहासकारांनी केला आहे. हेन्री गुंथर हा अमेरिकी शिपाई १० वाजून ५९ मिनिटांनी पडला. चित्राच्या डाव्या तुकड्याची वेळही तीच आहे.

६

आतापर्यंत हवेविषयी बोललो. तोफेचा धक्का जमिनीतूनही जातो, आणि कित्येकदा हवेतल्या आवाजाच्या आधी पोहोचतो, कारण खडकात तरंगाचा वेग हवेतल्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. युद्धकाळात लुटगर मिन्ट्रोप या जर्मन खाणशास्त्रज्ञाने भूकंपमापकांच्या साहाय्याने शत्रूच्या तोफा हेरण्याचे प्रयत्न केले. पण जमीन हवेसारखी एकजिनसी नसते. माती, वाळू, खडक, पाणी, प्रत्येक थरात तरंगाचा वेग वेगळा. तरंग वाकतो, परततो, उशिरा किंवा लवकर येतो. तोफेच्या ठिकाणाचे गणित त्यामुळे चुकते.

मिन्ट्रोप यांनी हा प्रश्न उलटा केला. स्फोट कुठे झाला हे आधीच ठाऊक असेल, तर तरंगाच्या विलंबावरून मधल्या जमिनीची रचना कळेल. १९१९ साली त्यांनी या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९२१ साली ‘झाइस्मोस’ ही कंपनी काढली आणि १९२४ साली तिच्या पथकाने टेक्सासमध्ये भूगर्भातला मिठाचा घुमट शोधून काढला. अशा घुमटांच्या कडेला खनिज तेल साचते. अमेरिकेत जॉन क्लॅरेन्स कार्चर यांनीही युद्धकाळात तोफांच्या ध्वनिवेधावर काम केले होते आणि १९२१ साली ओक्लाहोमात परावर्तित तरंगांचे प्रयोग केले. तेलाच्या शोधाची आजवर चालत आलेली मुख्य पद्धत ही अशी तोफेच्या शोधातून निघाली.

या घटनेत वाचनशास्त्राचा एक धडा आहे. संदेश आणि माध्यम यांत जो ‘दोष’ म्हणून आड येत होता, तोच मिन्ट्रोप यांनी आशय म्हणून वाचला. जुन्या पोथीच्या पाठभेदांकडे आपण आधी लेखनिकांच्या चुका म्हणून पाहतो. मग एखादा अभ्यासक त्याच चुकांवरून पोथी कोणकोणत्या प्रांतांतून फिरली ते सांगतो. अडथळ्याचे साधन होते, मात्र आपण कोणता प्रश्न विचारतो आहोत याची शुद्ध हवी.

७

ती शुद्ध सुटली की काय होते, याचे उदाहरण डॅलसचे आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, तेव्हा पोलिसांच्या बिनतारी संभाषणाचे मुद्रण चालू होते. एका मोटारसायकलवरचा मायक्रोफोन चुकून उघडाच राहिला होता. त्या मुद्रणात कानाला गोळ्या ऐकू येत नाहीत. इंजिनाची घरघर आणि खरखर तेवढी आहे. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने १९७८ साली तज्ज्ञांकडून त्याचे विश्लेषण करवले. हत्येच्या जागी पुन्हा गोळ्या झाडून, इमारतींवरून येणारे प्रतिध्वनी मोजून, त्यांचा साचा मुद्रणातल्या खरखरीशी ताडून पाहण्यात आला. दुसऱ्या दिशेने चौथी गोळी झाडली गेल्याची शक्यता ९५ टक्के किंवा अधिक आहे, असा निष्कर्ष निघाला आणि १९७९ च्या अहवालात समितीने कटाची शक्यता नोंदवली.

पुढे ओहायोतल्या एका ढोलवादकाने एका मासिकासोबत मिळालेली प्लास्टिकची ध्वनिमुद्रिका पुन्हापुन्हा ऐकली. ज्या जागी तज्ज्ञांना गोळ्या दिसल्या होत्या, तिथेच त्याला पुसटसे शब्द ऐकू आले. ते शब्द दुसऱ्या वाहिनीवर तिथल्या शेरीफने उच्चारलेले होते आणि तेव्हा हत्या होऊन सुमारे एक मिनिट उलटले होते. नॉर्मन रॅम्झी यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९८२ साली हा मुद्दा उचलून धरला : ज्या ठोक्यांना गोळ्या मानले, ते गोळ्या झाडून झाल्यानंतरचे आहेत. २००१ साली यावर पुन्हा प्रतिवाद प्रसिद्ध झाला. पण ९५ टक्क्यांचा तो आकडा पूर्वीच्या दिमाखात काही पुन्हा उभा राहिला नाही. गणित काटेकोर होते. ज्यावर ते केले, तो मजकूर कोणत्या क्षणाचा आहे एवढेच तपासायचे राहिले होते. राजवाडे यांनी पत्राची तारीख आधी ठरवण्याचा आग्रह का धरला, ते डॅलसने पुन्हा शिकवले.

नव्वदीच्या दशकात कॅलिफोर्नियात भूकंपाचे केंद्र शोधण्याच्या पद्धती शहरातल्या गोळीबाराला लावून पाहण्यात आल्या आणि खांबांवर, छपरांवर मायक्रोफोन बसवून पोलिसांना सूचना देणाऱ्या यंत्रणा उभ्या राहिल्या. शिकागो शहराच्या महानिरीक्षक कार्यालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा एका यंत्रणेचा हिशेब मांडला. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळातल्या ५०,१७६ सूचनांपैकी केवळ ९.१ टक्के प्रकरणांत बंदुकीशी संबंधित गुन्ह्याचा पुरावा पोलिसांना मिळाला. उरलेल्या ठिकाणी गोळी झाडलीच नव्हती, असा त्याचा अर्थ होत नाही. गोळी झाडून माणूस निघूनही जाऊ शकतो. पण त्याच अहवालातले दुसरे निरीक्षण अधिक अस्वस्थ करणारे होते. या भागातून फार सूचना येतात, या सर्वसाधारण समजावरून काही पोलीस रस्त्यावरच्या माणसांना अडवून त्यांची झडती घेत होते. आवाज ठिकाणाचा पुरावा होता. तो वस्तीचा पुरावा म्हणून वाचला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये शिकागोने ती यंत्रणा बंद केली.

८

आवाजावरून वेध घेणे ही कल्पना आपल्याला नवी नाही. अयोध्याकांडात रामाला वनात धाडल्यानंतरच्या सहाव्या रात्री मरणासन्न दशरथ कौसल्येला आपल्या तरुणपणची गोष्ट सांगतो. पावसाळ्याचे दिवस, शरयूचा तीर, काळोख. शब्दवेधी म्हणून आपली ख्याती असल्याचा अभिमान. पाण्यावर बुडबुड आवाज आला, आणि हत्ती पाणी पितो आहे असे समजून त्याने बाण सोडला. लोकपरंपरा ज्याला श्रावणबाळ म्हणते, तो मुलगा आंधळ्या आईबापांसाठी घडा भरत होता.

दशरथाचा वेध चुकला नव्हता. दिशा बरोबर, अंतर बरोबर, बाण जिथे जायचा तिथे गेला. ब्रॅग आणि टकर यांनी जे यंत्राने साधले, ते त्याने कानाने साधले होते. चुकले ते वाचन. ‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तर हाती येताच ‘काय’ आणि ‘कोण’ या प्रश्नांचीही उत्तरे मिळाली, असे त्याने धरून चालले. डॅलसमध्ये हेच झाले, शिकागोत हेच झाले, आणि एका निरुपद्रवी, सद्भावी रीतीने त्या ध्वनिफितीतही हेच झालेले आहे. रेषा सरळ झाल्या हे खरे. त्यावरून पक्षी गाऊ लागले, हे आपण जोडले.

पक्षी घालणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. शंभर वर्षांनंतर त्या मिनिटाला काही सांत्वन हवे होते, आणि सांत्वन देणे हे आख्यानाचे जुने काम आहे. बखरकारही तेच करत होता. मात्र वर्गात मी आता ध्वनिफीत आधी ऐकवत नाही. आधी ते छायाचित्र दाखवतो, सहा रेषा मोजायला सांगतो, दोन तुकड्यांमधला सांधा दाखवतो, आणि त्या सांध्यात काय असेल ते प्रत्येकाने वहीत लिहावे असे म्हणतो. कुणी आनंदाचा जल्लोष लिहितो, कुणी रडणे, कुणी नुसतेच कोरे ठेवतो. मग ध्वनिफीत लावतो.

ज्या विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला, ती आता एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, “सर, उजवीकडच्या रेषेतले ते दोन झटके आठवतात? पिस्तुलाचे?” मी म्हटले, “हो.” “तो आनंदानेच झाडत होता, हे तरी कुणी ठरवलं?”

मी चित्र पुन्हा काढून पाहिले. टिपणी लिहिणाराने तिथे ‘बहुधा’ असा शब्द वापरलेला आहे. वाचताना माझ्या नजरेतून तो निसटला होता.